शब्दाची शहाजोग हुंडी

जिंतूरजवळच्या नेमगिरीवर दर्शनाला गेलेली कुटुंबे सवड असली की पुढे येलदरीपर्यंत जाऊन येतात. पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यातील खडकपूर्णा प्रकल्प आणि खालच्या अंगाला हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरण, अशा साखळीतील येलदरी हा मोठा दुवा होय. परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील शेतकरी व व्यापारी या जलाशयाकडे पाहूनच वर्षाचा अंदाज बांधतात.

पावसाळ्यात वरून पाणी सुटले की येलदरीची पातळी चढू लागते. मोजपट्टीवरील आकडा वाचला जातो, आवक आणि साठा यांचे गणित मांडले जाते, दरवाजे किती उघडायचे ते ठरते आणि मग नदीकाठच्या गावांना इशारा जातो. त्या इशाऱ्यात आकडा असतो, वेळ असते आणि तो देणाऱ्या अधिकाऱ्याचे पदही असते. बाजारपेठेत मात्र बोलणे त्याआधीच सुरू झालेले असते. पहिल्या दुकानातले ‘दरवाजे उघडणार म्हणे’ हे वाक्य तिसऱ्या दुकानापर्यंत ‘धरणाला धोका आहे’ असे होऊन पोहोचते. ते गावातल्या एखाद्या मानाच्या माणसाने शहानिशा न करता उच्चारले, तर लोक रातोरात माल हलवतील आणि सकाळी काहीच घडले नाही असे पाहून परत येतील. अशा प्रसंगी हमालीचे पैसे जातात, पण खरे नुकसान पुढच्या वर्षी होते. तेव्हा खरा इशारा येतो आणि लोक कूस बदलून झोपी जातात.

याची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुणेकरांना वेळेवर स्पष्ट इशारा मिळाला नव्हता. धोका दिसत असताना पूर्ण खात्री होईपर्यंत गप्प राहणे हेसुद्धा घातक ठरू शकते. म्हणून सार्वजनिक जीवनातील माणसापुढे ‘बोलावे की बोलू नये’ हा प्रश्न खरे तर नसतोच. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलता येते का, आणि बोललेल्या शब्दाची किंमत चुकती करण्याची तयारी आहे का, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो.

शहाची जबाबदारी

जुन्या पेढ्यांचा व्यवहार ज्यांच्या घरी झाला, त्यांना शहाजोग हुंडी हा शब्द नवा नाही. ही हुंडी ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या गृहस्थाला, देय असे. अनोळखी माणूस ती घेऊन पेढीवर गेला तर त्याला पैसे मिळत नसत. मध्ये शहा लागे. पेढीवाला रक्कम मोजून देई ती शहाच्या नावावर विश्वासून. पुढे ती हुंडी बनावट वा चोरीची निघाली, तर घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याचे दायित्व त्या शहाचे असे. ‘मला काय ठाऊक, एकाने आणून दिली’ ही सबब बाजारात चालत नसे, कारण त्या व्यवहारात पत वापरली गेली होती ती त्याची.

सार्वजनिक कार्यकर्ता हा आरोपांच्या व्यवहारातला शहा असतो. त्याच्याकडे कोणीतरी कागद आणून देतो, कोणी रात्री फोन करतो, कोणी ध्वनिफीत पाठवितो. तीच गोष्ट तो अनोळखी माणूस स्वतः सांगू लागला तर चार लोकही ऐकणार नाहीत. कार्यकर्त्याने सांगितली की महाराष्ट्र ऐकतो. आयुष्यभराच्या त्यागाने आणि निर्भयपणाने कमावलेली पत त्या कागदावर सही म्हणून उमटते. मग तो कागद खोटा निघाल्यास परतफेड कोणी करायची? आणि व्याज कोणी द्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील दोन तरुणांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःच्या देहाने दिले आहे.

कोल्हापूर प्रकरण

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ व ‘मराठा’ ही वृत्तपत्रे सुरू झाली. ‘केसरी’ची धुरा गोपाळ गणेश आगरकर यांच्याकडे होती आणि ‘मराठा’ची बाळ गंगाधर टिळक यांच्याकडे. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. महाराज वेडसर आहेत असे सांगून त्यांना कडक देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. त्यांना वेड लागलेले नसून त्यांचा छळ होत आहे आणि त्यात संस्थानचे दिवाण राव बहादूर माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा संशय लोकांत बळावला होता. अशा वातावरणात बर्वे यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. त्यांतील मजकूर दिवाणांचे कारस्थान उघड करणारा होता. या पत्रांवर विसंबून दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाणांवर गंभीर आरोप केले.

बर्वे यांनी १८८२ मध्ये अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला उभा राहिला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी ती तयार केली नव्हती. त्यांनी ती खरी मानली होती, एवढाच त्यांचा दोष होता. परंतु शहाजोग हुंडीत एवढा दोष पुरेसा असतो.

सत्य कळल्यावर टिळक-आगरकरांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. ‘पत्रे खोटी असतील, पण त्यांतला आशय खराच आहे’ अशी पळवाट त्यांनी काढली नाही. त्यांनी माफी मागितली. बर्वे यांनी खटला मागे घेतला नाही आणि जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. टिळकांचा वाढदिवस शिक्षेनंतर आठवडाभरातच तुरुंगात आला. आगरकरांनी पुढे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले आणि तो प्रसंग झाकून न ठेवता मराठी वाङ्मयात कायमचा नोंदवून ठेवला.

या प्रकरणातील आणखी एक नाव व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे असे आहे. खटल्याच्या वेळी दहा हजार रुपयांचा जामीन भरण्यास सत्यशोधक समाजातील रामशेठ बापूशेठ उरवणे पुढे आले. त्यामागे महात्मा जोतीराव फुले यांची प्रेरणा होती. फुले आणि हे तरुण संपादक यांच्या विचारांत अंतर होते. तरीही संकटात सापडलेल्या निर्भय लेखणीच्या मागे एका शेठने आपली पत उभी केली. चूक झालेल्या माणसाला उत्तरदायी धरणे आणि त्याला एकटे न पाडणे या दोन गोष्टी एकाच समाजाला एकाच वेळी करता येतात, हे त्या जामिनाने दाखवून दिले.

कथा येथे संपत नाही. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगर येथे ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथ्या शिवाजी महाराजांचा अंत झाला. महाराजांची आबाळ होत आहे ही लोकांची शंका निराधार नव्हती, हे त्या मृत्यूने दाखविले. हेतू शुद्ध होता, चिंता खरी होती, कागद मात्र खोटा होता. त्या खोट्या कागदाने काय केले? न्यायालयात चर्चा झाली ती दिवाणांच्या अब्रूची. ज्यांच्यासाठी लेखणी उचलली होती त्या महाराजांच्या हालांचा प्रश्न मागे पडला. बनावट पुराव्याचा पहिला घाव ज्याच्यावर आरोप होतो त्याच्यावर बसतो, पण शेवटचा आणि खोल घाव खऱ्या पीडितावर बसतो.

जैन आचारशास्त्राने ही जोखीम फार पूर्वी ओळखली होती. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा दोष तत्त्वार्थसूत्रात सांगितला आहे. श्वेतांबर आगमांतील गणनेत ‘सहसा अभ्याख्यान’ हा अतिचार येतो. पुरता विचार न करता, घाईने कोणावर दोष ठेवणे, असा त्याचा अर्थ आहे. अठरा पापस्थानांमध्येही अभ्याख्यानाला स्वतंत्र तेरावे स्थान दिले आहे. मृषावाद दुसऱ्या स्थानी आधीच येऊन गेला असताना अभ्याख्यान पुन्हा वेगळे मोजले, यातच त्याची गंभीरता आली.

ट्रकभर पुरावे आणि अर्धी खातेवही

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातही असे प्रसंग आले. १९९४ मध्ये मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांच्यावर आरोप केले आणि आपल्याकडे ट्रकभर पुरावे असल्याचे सांगितले. बेकायदा बांधकामांवर निर्भयपणे हातोडा चालविणारा अधिकारी म्हणून खैरनारांची ख्याती मोठी होती, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. ते आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाहीत. ‘ट्रकभर पुरावे’ हा शब्दप्रयोग मात्र मराठीत राहिला आणि आज तो थट्टेने वापरला जातो. एका धाडसी अधिकाऱ्याच्या प्रत्यक्ष कामापेक्षा त्याचे न आलेले पुरावे लोकांना अधिक आठवावेत, ही शोकांतिका आहे.

अण्णा हजारे यांच्या बाबतीत जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. १९९८ मध्ये तत्कालीन समाजकल्याण मंत्री बबनराव घोलप यांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात मुंबईच्या न्यायालयाने हजारे यांना तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. जनक्षोभानंतर त्यांची लवकर सुटका झाली. पुढे २००३ मध्ये त्यांनी चार मंत्र्यांवर केलेल्या आरोपांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला. २००५ च्या अहवालात आयोगाने तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला आणि चौथ्यांना निर्दोष ठरविले. हजारे यांच्याशी संबंधित हिंद स्वराज ट्रस्टने त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर केलेला २ लाख २० हजार रुपयांचा खर्चही आयोगाने अयोग्य ठरविला.

हा अहवाल ज्याला त्याला आपल्या सोयीने वाचता आला. समर्थकांनी तीन मंत्र्यांचे पान उघडले, विरोधकांनी ट्रस्टचे. परंतु खातेवही अर्धी वाचून ताळेबंद निघत नाही. चारपैकी तीन आरोपांत तथ्य निघाले, ही कार्यकर्त्याच्या दक्षतेची मोठी पावती होती. चौथ्या माणसाने आयोगाचा निकाल येईपर्यंत आरोपाचा भार वाहिला, हीदेखील एक नोंद होती. आणि इतरांचा हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेबही तपासला जातो, हे तिसरे सत्य होते. आयोग नेमला म्हणून ही तिन्ही सत्ये एका ठिकाणी आली.

डिसेंबर २०२४ : दोन जिल्हे, दोन धडे

परभणी आणि बीड हे शेजारचे जिल्हे. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही जिल्हे एकाच वेळी पेटलेले होते. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली होती आणि काही आरोपी फरार होते. महिनाअखेरीस सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आपल्यापर्यंत आलेल्या निरोपाच्या आधारे फरार तिघांचा खून झाल्याची माहिती जाहीर केली. ती त्यांनी पोलिसांनाही कळविली होती. ४ जानेवारी २०२५ रोजी त्या तिघांपैकी दोघे पुण्यात जिवंत पकडले गेले. देशमुख कुटुंबाला न्याय मिळावा या मागणीला मोठा लोकाधार होता. त्या मागणीला अशा वृत्ताची गरज नव्हती, आणि त्यामुळे तिला बळही मिळाले नाही. निरोप पोलिसांकडे देणे हे कर्तव्यच होते. तोच निरोप पडताळणीपूर्वी लोकांसमोर मांडणे, ही मात्र वेगळी कृती होती.

त्याच महिन्यात परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अनेकांना अटक झाली. त्यांपैकी कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यांना मारहाण झालेली नाही, असे सरकारतर्फे विधिमंडळात सांगण्यात आले. कार्यकर्ते आणि कुटुंबीय यांनी ते मान्य केले नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

हा दुसरा धडा विसरून चालणार नाही. सर्व तथ्ये हाती येईपर्यंत कार्यकर्त्यांनी तोंड उघडूच नये असा नियम केला असता, तर ती तथ्ये कधी न्यायालयापर्यंत पोहोचलीच नसती. घाईने बोलण्याचा दोष केवळ चळवळीतल्या माणसांचा नसतो. सत्तेच्या आसनावरून चौकशीपूर्वी दिलेली ग्वाहीसुद्धा पुराव्याशिवाय फाडलेली हुंडीच असते. किंबहुना तिच्यावर सरकारी शिक्का असल्याने तिची जबाबदारी अधिक मोठी असते.

चौकशी मागणे आणि निकाल देणे

मग सीमारेषा कोठे आखायची? ती चौकशीची मागणी आणि निकालाची घोषणा यांच्यामध्ये आखावी लागते. ‘हा मृत्यू संशयास्पद आहे, स्वतंत्र चौकशी करा’ असे म्हणण्यास एक दिवसही थांबण्याचे कारण नाही. ‘अमुक माणसाने हे केले’ असे म्हणण्यापूर्वी मात्र कागद आपल्या हातात असला पाहिजे आणि तो खरा आहे हे आपण तपासलेले असले पाहिजे. कोल्हापूर प्रकरणात महाराजांच्या प्रकृतीची निष्पक्ष तपासणी करा, एवढ्या मागणीला त्या बनावट पत्रांचा आधार लागलाच नसता.

कायद्याची दृष्टीही याच दिशेची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा येतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितली आहे. त्या कलमाला दहा अपवादही आहेत. पहिला अपवाद सत्य विधानाला संरक्षण देतो, मात्र ते लोकहितासाठी केलेले असले पाहिजे. अन्य अनेक अपवाद सद्‌भावावर उभे आहेत. आणि योग्य काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्‌भावाने केली, असे कायदा मानत नाही. केवळ मन स्वच्छ असून भागत नाही, तपासणीही लागते. बँकेतला कर्मचारी धनादेशावरील सही, तारीख आणि अक्षरी रक्कम पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. समोरचा खातेदार प्रामाणिक आहे हे त्याला वीस वर्षे ठाऊक असले तरीही नाही.

तपासणीची साधनेही आज पूर्वीपेक्षा सुलभ आहेत. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये आला. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत शासकीय कागद मागता येतो. त्यासाठीची धडपड करून महाराष्ट्रातल्या असंख्य कार्यकर्त्यांनी मोठी कामे केली आहेत. त्यांचे आरोप टिकले, कारण कागद आधी आणि बोलणे नंतर, हा क्रम त्यांनी पाळला.

उलट नोंद

इतकी दक्षता घेऊनही चूक होतेच. हिशेबाच्या शिस्तीत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत. ती तशीच ठेवून तिच्यासमोर उलट नोंद करतात, तारीख घालतात, सही करतात. सार्वजनिक शब्दाचेही तसेच असावे. ज्या व्यासपीठावरून, ज्या आवाजात आरोप केला, त्याच व्यासपीठावरून आणि त्याच आवाजात तो मागे घ्यावा. जुना मजकूर गुपचूप काढून टाकणे ही उलट नोंद नव्हे, ती खाडाखोड झाली. शंभर लोकांनी ऐकलेला आरोप आणि चौघांनी ऐकलेला खुलासा, यांचा ताळा जुळत नाही.

या व्यवहारात व्यापारी कुटुंबेही केवळ प्रेक्षक नसतात. चळवळींना देणग्या तीच देतात, सत्कार तीच करतात आणि आलेला संदेश चार गटांत पुढे पाठविणारी बोटेही अनेकदा त्यांचीच असतात. पतसंस्थेविषयी, मंदिराच्या विश्वस्तांविषयी किंवा बाजारातल्या एखाद्या पेढीविषयी कुजबुज सुरू झाली की काय होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. सुस्थितीतली संस्थादेखील एका सकाळी दारात रांग लागल्याने अडचणीत येऊ शकते. म्हणून देणगी देणाऱ्याने कार्यकर्त्याला कामाचा हिशेब जसा विचारावा, तसाच शब्दाचाही विचारावा. तो आडपडदा न ठेवता हिशेब देत असेल, तर कठीण काळी उरवणेशेठांप्रमाणे त्याच्या पाठीशी उभेही राहावे.

संवत्सरीच्या दिवशी घरोघरी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले जाते. शेकडो परिचितांना एकाच वेळी तो संदेश जातो. पण ज्या एका माणसाविषयी आपण वर्षभरात भरल्या बैठकीत, न तपासता, काही बोलून गेलो, त्याच्या दाराशी जाऊन आणि त्याच बैठकीतल्या लोकांसमोर ते शब्द उच्चारणे अवघड असते. परतफेड व्याजासह करायची असेल तर सुरुवात त्या दारापासून करावी लागते.